मिरज-सांगलीत मेडिकलच्या काउंटरवर नवीन उभं राहताय? मग हे वाचून घ्या

ज्यांचं डी.फार्म किंवा बी.फार्म नुकतंच झालंय, फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलंय आणि आता कुठल्यातरी मेडिकलमध्ये रुजू व्हायचंय त्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. दरवर्षी ट्रेनिंगला मुलं येतात, पाचशे तास भरतात, फॉर्मवर सही घेतात आणि जातात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना वाटत असतं की आपलं काम म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी बघायची, रॅकमधून गोळ्यांचा पत्ता काढायचा, बिल करायचं. तेवढंच असतं तर रजिस्ट्रेशन कशाला लागलं असतं? डॉक्टरांनी लिहिलेलं चुकलं असेल तर तुम्ही पकडू शकता, पण तुमच्या हातून चुकीची गोळी गेली तर पुढे पकडणारं कुणी नाही, ती थेट पेशंटच्या तोंडात जाते.

त्यात आपलं मिरज. १८९४ ला डॉ. विल्यम वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव, आता शासकीय मेडिकल कॉलेज आहे, गल्लोगल्ली स्पेशालिस्ट आहेत, आणि पेशंट येतो तो जत, आटपाडीपासून पार अथणी, जमखंडी, विजापूरपर्यंतचा. म्हणजे काउंटरवर समोर उभा असलेला माणूस पहाटेच्या एसटीने किंवा रेल्वेने आलेला, उपाशी, ओपीडीच्या रांगेत दमलेला, आणि परतीच्या गाडीची वेळ झालेली. तो घाई करणार, मालक घाई करणार, आणि घाईतच घोळ होतात.

रुजू होण्याआधी

रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट दुकानात लावायचं, अंगात पांढरा कोट, त्यावर नाव आणि रजिस्ट्रेशन नंबरचा बिल्ला. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये हे लिहिलेलंच आहे, उगाच मालकाची हौस नाही. फार्मसी ॲक्ट १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध देणं हे रजिस्टर्ड फार्मासिस्टचंच काम. त्यामुळे कुणी म्हणालं की "तू येऊ नकोस, नुसतं सर्टिफिकेट ठेव, महिन्याला पैसे घे", तर सरळ नाही म्हणा. तिथं दहावी पास पोरगा तुमच्या नावाखाली इन्सुलिन विकत असतो आणि एफडीएवाले, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे लोक, आले की उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

चिठ्ठी हातात आली की

आधी नाव, वय, तारीख, मग औषधं. वय बघायची सवय लावून घ्या, कारण पाच वर्षांच्या पोराच्या चिठ्ठीवर मोठ्यांची ताकद, म्हणजे मोठ्यांच्या मिलिग्रॅमची गोळी, लिहिलेली असेल तर ते वयावरूनच लक्षात येतं. तारीख यासाठी की मागच्या पावसाळ्यातली चिठ्ठी घेऊन लोक आज ॲन्टिबायोटिक मागतात, किंवा व्हॉट्सॲपवर पुतण्याने पाठवलेला अर्धा कापलेला फोटो दाखवतात ज्यात डॉक्टरांचं नावच दिसत नाही.

ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे लागलं तरच, हे पाठ असतंच. खरा गोंधळ होतो नावांच्या शेपटांत. टेल्मिसार्टन साधी वेगळी, तिच्यामागे एएम लागलं की त्यात ॲम्लोडिपिन आलं, एच लागलं की पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी आली. शुगरच्या गोळीवर एम१, एम२ असतं, तिथं आकडा ग्लिमेपिराइडचा असतो, मेटफॉर्मिनचा नाही, म्हणजे एम१ च्या जागी एम२ गेली तर शुगर पाडणारं औषध दुप्पट झालं. एसआर, एक्सआर (म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी), फोर्ट, प्लस, प्रत्येक शेपटाचा अर्थ माहीत झाल्याशिवाय पत्ता काढायचा नाही.

सारख्या नावांची औषधं तर विचारूच नका. कार्बिमाझोल थायरॉइडचं, कार्बामाझेपिन फिटचं. घाईतल्या अक्षरात दोन्ही एकच दिसतात. अशा वेळी पेशंटला विचारायचं, "मावशी, कशासाठी दाखवलं होतं?" ती म्हणाली गळ्याला, थायरॉइडला, तर शंका बरीचशी मिटली, तरी डॉक्टरांना फोन करायचाच. अक्षर लागत नसेल तर अंदाज नाही करायचा, "साहेब हेच देतात बहुतेक" हे वाक्य काउंटरवर चालणार नाही. डॉक्टर चिडतात का? काही चिडतात. दोन मिनिटं ऐकून घ्यायचं, काही बिघडत नाही.

आणि हो, लिहिलेला ब्रँड आपल्याकडे शॉर्ट असेल तर मनानेच दुसऱ्या कंपनीचा द्यायचा नसतो, नियमात ते बसत नाही. सगळीकडे सर्रास चालतं मला माहितेय, पण तुम्ही डॉक्टरांना विचारून करा आणि पेशंटला स्पष्ट सांगा की कंपनी वेगळी आहे, आतलं औषध तेच आहे. नाहीतर काय होतं, जुन्या कंपनीच्या गोळ्या घरात शिल्लक असतात, नवीन पत्ता वेगळ्या रंगाचा, आजोबांना वाटतं ही नवीन गोळी आहे, आणि ते दोन्ही सुरू ठेवतात.

एक औषध मात्र डोक्यात कोरून ठेवा, मेथोट्रेक्सेट. संधिवाताला, सोरायसिसला देतात आणि ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलतं, रक्तातल्या पेशी उतरतात, माणूस जातो सुद्धा. चिठ्ठीवर रोज लिहिलेलं दिसलं तर फोन केल्याशिवाय द्यायचीच नाही. आणि देताना पाकिटावर वार लिहायचा, "फक्त रविवारी", मोठ्या अक्षरात, आणि पेशंटकडून वदवून घ्यायचं. सोबत फॉलिक ॲसिड असतं, ते कधी घ्यायचं तेही त्याच पाकिटावर.

पत्ता काढण्याआधी विचारायचं

पहिला प्रश्न, औषध कुणासाठी? आपल्याकडे समोर उभा असणारा माणूस बऱ्याचदा पेशंट नसतोच, कारखान्यावरून येता येता आईच्या गोळ्या न्यायला थांबलेला असतो. मग पुढचे प्रश्न आईबद्दल विचारायचे, लागलं तर तिथूनच फोन लावायला सांगायचा.

कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? किडनीचा, लिव्हरचा त्रास? बाई तरुण असेल तर दिवस गेलेत का किंवा अंगावर पाजताय का, हे हळू आवाजात, बाजूला घेऊन. चार माणसांसमोर ओरडून विचारलंत तर उत्तर "नाही" असंच येणार.

"दुसऱ्या गोळ्या" हा प्रश्न नीट विचारायला शिका. "काही चालू आहे का?" म्हटलं की लोक नाही म्हणतात, कारण बीपीची गोळी दहा वर्षं घेतोय ती त्यांना औषध वाटतच नाही. "बीपीची, शुगरची, हार्टची, रक्त पातळ करायची, थायरॉइडची रोजची गोळी आहे का, आणि आयुर्वेदिक पुड्या वगैरे?" असं एकेक नाव घेऊन विचारायचं. हार्टच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायला वॉरफरिन दिलेलं असतं आणि गुडघ्याच्या डॉक्टरांना ते सांगितलेलंच नसतं, तिथं डायक्लोफेनॅक लिहून येतं. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र येतात त्या फक्त तुमच्या काउंटरवर. पोटात रक्तस्राव होऊ शकतो, इथं थांबवायचंच.

काढणं, कापणं

यावर जास्त लिहीत नाही. एक्स्पायरीला नुसता महिना छापला असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत चालतं. लूज गोळ्या कापताना बॅच आणि एक्स्पायरीची बाजू आपल्याकडे राहील असं कापा, आणि पेशंटच्या पाकिटावर नाव, ताकद, एक्स्पायरी लिहून द्या, नुसता चांदीचा तुकडा देऊ नका. सारख्या दिसणाऱ्या डब्या शेजारी ठेवू नका. काढताना एकदा, बिल करताना एकदा, देताना एकदा, तीनदा नाव वाचायचं, बास.

देताना काय सांगायचं

खरं काम इथं आहे आणि मालकाला सगळ्यात जास्त इथंच वेळ वाया जातोय असं वाटतं.

"जेवणानंतर एक-एक" एवढं सांगून भागत नाही. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी होते. एसआर गोळी चावायची नाही आणि कुटायचीही नाही. दम्याचा पंप ओढायला शिकवताना तोंडी सांगून उपयोग नाही, रिकामा पंप ठेवा, त्यांच्याकडून ओढून घ्या, आणि स्टेरॉइडचा असेल तर चूळ भरायला सांगा नाहीतर तोंडात बुरशी येते. डोळ्यांचे दोन वेगवेगळे ड्रॉप असतील तर मध्ये पाच मिनिटं.

इन्सुलिनवर जरा थांबते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटचं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट असलेलं, असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटचं असेल तर केशरी टोपी. आता ४० ची बाटली आणि घाईत हाताला लागली ती केशरी सिरिंज, अशी जोडी गेली आणि पेशंटने वीसच्या खुणेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात आठच युनिट गेलं, शुगर चढतच राहणार आणि डॉक्टर डोस वाढवत बसणार. उलट झालं, १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, तर वीसच्या खुणेला पन्नास युनिट जाईल. म्हणून बाटली आणि सिरिंज एकत्र हातात घेऊन दोन्हीवरचा आकडा पेशंटला दाखवायचा, प्रत्येक वेळी, तो दहा वर्षांचा जुना पेशंट असला तरी. इन्सुलिन फ्रिजच्या दारात किंवा खालच्या कप्प्यात, २ ते ८ डिग्रीला, फ्रीझरमध्ये अजिबात नाही, गोठलेलं परत वितळलं तरी वापरायचं नाही. जतकडं उन्हाळ्यात घरात फ्रिज नसेल तर मातीच्या डेऱ्यात, प्लास्टिकच्या डबीत घालून, पाणी आत जाणार नाही असं ठेवायला सांगा. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे, नेमकं किती ते कंपनीच्या कागदावर बघून तारीखच बाटलीवर लिहून द्या.

शुगरच्या पेशंटला उपवासाचं विचारल्याशिवाय सोडू नका. आषाढी एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, रमजानचे रोजे, आपल्याकडे कुणाचं ना कुणाचं काहीतरी चालू असतं, आणि लोक काय करतात, जेवण बंद पण गोळी नियमाने घेतात कारण "गोळी चुकवायची नाही" असं आपणच सांगितलेलं असतं. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं की घाम, थरथर, डोळ्यासमोर अंधारी, आणि शुगर फार उतरली तर शुद्ध हरपते. उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या असं सांगायचं, आणि असं वाटलं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची, शुद्ध गेली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना. "देवाचं आहे, काही होत नाही" म्हणणाऱ्या आजीशी वाद घालू नका, तिच्या सुनेला सांगा.

लहान मुलांच्या तापाच्या औषधात सगळ्यात जास्त लक्ष. पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या बाळाला एका वेळी १०० ते १५०. ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० असतं आणि १२५ च्या सिरपमध्ये पाच मिलीत १२५. आईने सिरपचं माप ड्रॉप्सला लावलं आणि पाच मिली पाजलं तर एकदम ५०० गेलं की हो. सोबतच्या सिरिंजवर पेनने रेघ मारून द्या, चमच्याचं माप सांगू नका, प्रत्येक घरातला चमचा वेगळा. सर्दीच्या मिक्स औषधातही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच, तापाचं वेगळं आणि सर्दीचं वेगळं दिलं की डबल. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखाली द्यायचं नाही. निमसुलाइड बारा वर्षांखाली बंद आहे २०११ पासून, तरी लोक मागतात. आणि २०२५ ला मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं कफ सिरपने लहान मुलं दगावली, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, ते विसरू नका. बॅच परत बोलावल्याचा मेसेज होलसेलकडून आला की त्याच दिवशी रॅक तपासायचा, संध्याकाळी बघू म्हणायचं नाही.

जुलाबाचं ओआरएस देताना मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात, एकाच वेळी, हे सांगा. थोडी थोडी पूड ग्लासात टाकून पितात त्याने प्रमाण बिघडतं. छोटं २०० मिलीचं पाकीट पण मिळतं, कुठलं देताय ते बघून सांगा. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नाही. मुलांना सोबत झिंक असेल तर चौदा दिवस, जुलाब थांबले तरी.

सगळं सांगून झालं की एकच वाक्य, "आता मला सांगा बघू, कसं घेणार?" त्यांनी चुकीचं सांगितलं तर समजायचं आपण नीट सांगितलं नाही. कर्नाटकातला पेशंट असेल तर "मुंजाने, मध्यान, रात्री" आणि "ऊटा आद मेले" म्हणजे जेवणानंतर, एवढं तरी यायला हवं. वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा, बावळटपणा वाटेल पण चालतं.

नाही म्हणायची वेळ

अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल, कोडीनचं कफ सिरप चिठ्ठीशिवाय नाही, गर्भपाताचं किट तर अजिबातच नाही. जिमवाली पोरं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन मागायला येतात, ते बीपी पडलेल्या पेशंटसाठीचं औषध आहे, ताकदीचं नाही. "भाऊ, आमच्याकडे येत नाही" म्हणून खोटं बोलण्यापेक्षा "चिठ्ठीशिवाय देत नाही" म्हणा, म्हणजे परत येत नाहीत.

शेड्यूल एच१ ची औषधं, म्हणजे सेफिक्सिमसारखी ॲन्टिबायोटिक्स, टीबीची औषधं, झोपेच्या गोळ्या, यांचं वेगळं रजिस्टर. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपून ठेवायचं. महिनाअखेरीला बसून भरू असं ठरवलं की ते कधीच खरं भरलं जात नाही, विकताना तिथल्या तिथं लिहा. टीबीच्या पेशंटची नोंद शासनाला कळवणं मेडिकलवाल्यांनाही लागू आहे, तेवढं मालकाला विचारून घ्या दुकानात कोण करतं ते.

अंगदुखीचं वेगळंच प्रकरण आहे. ऊसतोडीचे लोक, द्राक्षाच्या छाटणीला आलेले मजूर, "ताई, तीच लाल गोळी द्या" म्हणून रोज येतात. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन, वर रोज डायक्लोफेनॅक, किडनीची वाट लागते. काहींना कुठून तरी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची चटक लागलेली असते, तोंड सुजून गोल झालेलं असतं. यांना ती गोळी एकदम बंद करा म्हणून घरी पाठवू नका, बऱ्याच दिवसांची स्टेरॉइड झटक्यात तोडली तर माणूस कोसळतो, डॉक्टरांकडे पाठवा. नायट्यासाठी स्टेरॉइड मिसळलेली क्रीम मागणारेही असेच, चार दिवस बरं वाटतं आणि मग ते सगळ्या अंगावर पसरतं.

तासगाव, पलूस, मिरज पूर्व भागातल्या दुकानात असाल तर हे पक्कं लक्षात ठेवा. बागेत फवारणी करून आलेला माणूस उलटी-मळमळीची गोळी मागतोय, तोंडाला लाळ सुटलीय, दरदरून घाम, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, तर गोळी देऊन पाठवायचं नाही. ही कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. अंगावरचे कपडे काढायला लावा, साबणाने धुवा, स्वतःच्या हाताला ग्लोव्हज घाला, आणि गाडी करून सिव्हिलला, सोबत औषधाची बाटली किंवा लेबल न्यायला सांगा. १०८ ला फोन.

घोळ झालाच तर

चुकीचं औषध गेलंय असं नंतर लक्षात आलं तर लपवायचं नाही, लगेच पेशंटला फोन, डॉक्टरांना फोन. म्हणून बिलावर मोबाइल नंबर घ्यायची सवय ठेवा, लोक कुरकुरतात, तरी घ्या. देण्याआधी पकडली गेलेली गडबडही वहीत लिहा, नाव नको, नुसतं काय झालं आणि कशामुळे. महिन्याने वही चाळली की कळतं की कुठल्या दोन डब्या हलवायला हव्यात.

औषधाने कुणाला पुरळ आलं, सूज आली, काही विचित्र झालं तर फार्माकोव्हिजिलन्सच्या, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्यांच्या, १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरला कळवता येतं. खात्री नसली, नुसती शंका असली तरी चालते. औषधाचं नाव, बॅच, कधी सुरू केलं, कधी त्रास झाला, आणखी काय चालू होतं, एवढं हाताशी ठेवून फोन करा.

पूर आला तर, आणि सांगलीत तो येतो, २०१९ ला आपण सगळ्यांनी बघितलाय, पाणी लागलेला एकही पत्ता परत रॅकवर जाता कामा नये, वरून फॉइल कोरडी दिसली तरी. लाइट गेलेल्या फ्रिजमधलं इन्सुलिन आणि लसी वेगळ्या काढून ठेवा, कंपनीला विचारल्याशिवाय विकू नका. आणि नियमित पेशंटना पावसाळ्याआधीच सांगून ठेवा की चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये, एक प्रत पाहुण्यांकडे, आणि आठ-पंधरा दिवसांच्या बीपी-शुगर-फिटच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. छावणीत आलेल्या माणसाला "ती पांढरी, मध्ये रेघ असलेली" एवढंच आठवत असतं, आणि रेघ असलेल्या पांढऱ्या गोळ्या तुमच्या रॅकवर शेकडो आहेत.

शिफ्ट सुटताना पुढच्याला तोंडी सांगून जाऊ नका, कागदावर लिहा. कुठल्या डॉक्टरांच्या फोनची वाट बघतोय, कुणाचं औषध उद्या येणार आहे, कुणाची चिठ्ठी शंका आहे म्हणून अडवून ठेवलीय. नाहीतर तुम्ही दुपारभर अडवलेलं औषध संध्याकाळचा पोरगा पाच मिनिटांत देऊन टाकतो.